बोटॉक्स की डिस्पोर्ट? आधी आपल्या पोरींवर हसणं बंद करा

‘बोटॉक्स घ्यावं की डिस्पोर्ट?’ हा प्रश्न मुंबईच्या सिनेमावाल्यांचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असं म्हणून आंबेडकरी चळवळीने आता अंग झटकू नये. आम्ही नागपुरात इंदोरा, पाचपावली भागात अभ्यासिका आणि महिला बचत गटांसोबत काम करतो. गेल्या वर्षभरात हा प्रश्न आम्हाला सहा जणांनी विचारला. एक पतसंस्थेत क्लार्क आहे. एक खासगी दवाखान्याच्या रिसेप्शनवर बसते. एकीने पाच वर्षं एमपीएससी केली, दोनदा मुलाखतीपर्यंत गेली, आता शिक्षिका आहे. एक मुलगाही आहे, विमा विकतो. सगळे तिशीच्या पुढचे, आणि सगळे आपापल्या घरातले पहिले पदवीधर. भुवयांच्या मधोमध पडणाऱ्या दोन उभ्या रेघा आणि कपाळावरच्या आडव्या रेघा, यांच्यासाठी सुई घ्यायची तर कोणती, एवढाच त्यांचा साधा प्रश्न होता.

त्यांना आपल्याकडून काय मिळालं? जयंतीच्या तयारीच्या एका बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, “मायनं शेण काढलं, अन् पोरगी कपाळात सुया टोचून घेऊन रायली.” बैठक हसली. ज्या पोरीबद्दल ते बोलत होते ती चहाचे कप गोळा करत होती. तिने ऐकलं. पुढच्या बैठकीला ती आली नाही.

त्या हसणाऱ्यांना आम्हाला एक विचारायचं आहे. त्या बैठकीतल्या पन्नाशी ओलांडलेल्या किती पुरुषांच्या मिशा नैसर्गिकरीत्या काळ्या होत्या? महिन्याच्या महिन्याला कलप लावून मंचावर बसायचं आणि बाईच्या कपाळाच्या सुईला गुलामी मानसिकता म्हणायचं, हा कुठला न्याय? पुरुषाने वय लपवलं की तो रुबाब, बाईने लपवलं की ती भांडवलशाहीची शिकार. ही भाषा आंबेडकरी नाही. मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या घरात तिचीच एक ओळ बाईच्या वाट्याला ठेवून द्यायची, असला हा प्रकार आहे.

आणि इतिहास काढायचाच असेल तर नीट काढू. 1927 च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. त्याच मुक्कामात बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. काय बोलले? लुगडं कसं नेसता, गळ्यात आणि हातात काय घालता, यावर बोलले. अस्पृश्य म्हणून लांबूनच ओळखू यावं अशी नेसण्याची पद्धत सोडा, ते जड कथलाचे-चांदीचे दागिने सोडा, स्वच्छ राहा, असं सांगितलं. आणि बायांनी नेसण्याची तऱ्हा बदलली. म्हणजे आपल्या चळवळीच्या पायाभरणीच्या क्षणी बाईचं शरीर, तिचं दिसणं हा राजकीय प्रश्न होता. ‘दिसण्याला काय महत्त्व, विचार महत्त्वाचा’ हे वाक्य ज्याच्या दिसण्यावर कधी कुणी बोट ठेवलं नाही त्याला परवडतं. आपल्याला ते कधीच परवडलेलं नाही. बाबासाहेबांचा सूट आपण पुतळ्यापुतळ्यावर निळा रंगवतो तो काय कापडाच्या प्रेमापोटी?

दुसरा उपदेश विहारातून येतो, आणि तो जास्त गोड आवाजात येतो. ‘जरा हे दुःखसत्य आहे ताई, भगवंतांनी म्हातारा माणूस पाहिला आणि गृहत्याग केला, तुम्ही सुरकुतीला घाबरता?’ आम्ही स्वतः उपासक आहोत, म्हणून हे आम्हाला जास्त खटकतं. कारण म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं ही कथा बाबासाहेबांनीच बाजूला ठेवली. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतला पहिला प्रश्न तोच आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही असं ते मांडतात, आणि गृहत्यागाचं कारण शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या संघर्षात दाखवतात. बाबासाहेबांनी जी गोष्ट नाकारली तीच गोष्ट सांगून आपण आपल्या पोरींची तोंडं बंद करतो. बरं, उपदेशकर्त्यांना अनित्यता मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी का आठवत नाही, हेही कळत नाही.

तर हसणाऱ्यांचं आणि उपदेश करणाऱ्यांचं एवढं पुरे. आता जिने विचारलं तिला उत्तर देऊ. क्लिनिकच्या जाहिरातीत ते मिळणार नाही.

दोन्ही औषधं मुळात एकच आहेत: बोटुलिनम टॉक्सिन, प्रकार ‘ए’. नीट न टिकवलेल्या डबाबंद अन्नात वाढणारा जो जिवाणू माणसाला लुळं करून मारू शकतो, त्याचं हे विष. अत्यंत कमी मात्रेत ते स्नायूत टोचलं की मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडतो, स्नायू आखडत नाही, आणि त्याच्यावरची कातडी दुमडत नाही. 1989 मध्ये अमेरिकेत याला मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या अनावर उघडझापीच्या आजारासाठी. पापण्यांचा इलाज करताना भुवयांमधल्या आठ्याही सपाट होतात हे कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या कॅरुदर्स या डॉक्टर जोडप्याने हेरलं आणि 1992 मध्ये प्रसिद्ध केलं. 2002 मध्ये अमेरिकेत आठ्यांसाठीही मंजुरी आली. तेव्हापासून ‘बोटॉक्स’ हे एका कंपनीच्या मालाचं नाव ‘डालडा’सारखं सगळ्याच मालाचं नाव होऊन बसलं आहे. बाजारात खरं तर डिस्पोर्ट आहे, झिओमिन आहे, कोरियन कंपन्यांचे माल आहेत. अमेरिकेत 2022 मध्ये डॅक्सिफाय आलं.

निवडताना सगळी फसवणूक ‘युनिट’ या एका शब्दात होते. भुवयांमधल्या आठ्यांसाठी कंपनीच्या माहितीपत्रकातली मात्रा बोटॉक्सची 20 युनिट आहे आणि डिस्पोर्टची 50 युनिट. एकाचं युनिट दुसऱ्याचं युनिट नाही, ते एकमेकांत बदलता येत नाही, हे माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. म्हणून ‘आमच्याकडे युनिट स्वस्त’ या पाटीला काही अर्थ नाही. किलोचा भाव आणि पायलीचा भाव शेजारी लिहून कोण स्वस्त हे ठरवता येतं का? भाव विचारायचा तो पूर्ण भागाचा, आणि सोबत विचारायचं की कोणतं औषध, किती युनिट. (युनिट ठरतं कसं तेही जाता जाता ऐका. उंदरांच्या गटातले निम्मे उंदीर मरतील एवढी मात्रा म्हणजे एक युनिट, अशी त्याची मूळ व्याख्या आहे. करुणेवर प्रवचन द्यायचंच असेल तर भन्तेंनी इथून सुरुवात करावी, पोरीच्या कपाळावरून नव्हे.)

बाकी फरक किरकोळ आहेत आणि जाहिरातीत मोठे करून सांगितले जातात. परिणाम काही दिवसांत दिसायला लागतो, पंधरवड्याच्या आसपास पूर्ण दिसतो आणि तीन ते चार महिन्यांत ओसरतो. हे या दोन्ही औषधांना लागू आहे. डॅक्सिफाय साधारण सहा महिन्यांपर्यंत टिकतं असा त्याच्या कंपनीचा दावा आहे. ज्याला गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी आहे त्याला डिस्पोर्ट देऊ नये. हा फरक मात्र खरा आणि कामाचा आहे. झिओमिनमधून सोबतची प्रथिनं काढलेली असतात, त्यामुळे शरीरात त्या औषधाविरुद्ध प्रतिकार तयार होण्याची शक्यता कमी, असं सांगतात. पण कपाळापुरत्या छोट्या मात्रेत तो प्रश्न मुळातच क्वचित येतो. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, स्नायू कमजोर होण्याचा मायस्थेनियासारखा आजार असेल तर यातलं काहीच घेऊ नका. आणि चेहरा हलवला नाही तरी दिसतातच अशा खोल रेघा नुसत्या या सुईने पूर्ण जात नाहीत. तिथे क्लिनिकवाला हळूच दुसऱ्या, जास्त महागड्या सुईकडे नेतो. एक भीती मात्र खोटी आहे, तीही सांगून टाकू. सुई बंद केली की चेहरा पहिल्यापेक्षा वाईट होतो, असं नाही. स्नायू पुन्हा काम करायला लागतो आणि रेघा हळूहळू परत येतात, बस.

म्हणजे बोटॉक्स की डिस्पोर्ट याचं उत्तर असं की बहुतेकींसाठी फरक नगण्य आहे. फरक पडतो तो सुई कुणाच्या हातात आहे आणि बाटलीत काय आहे याने. ती बाटली कोरडी पूड म्हणून येते. तिच्यात सलाईनचं पाणी किती घालायचं हे टोचणारा ठरवतो. तुम्हाला दिसतं ते फक्त सिरिंजमधलं पाणी. बाटली थंडीतच ठेवावी लागते, पाणी घातल्यावर बोटॉक्स 24 तासांत वापरावं आणि एक बाटली एकाच रुग्णाला वापरावी, असं माहितीपत्रक सांगतं. आता ‘दोन मैत्रिणींना घेऊन या, तिसरीला सूट’ ही ऑफर कशासाठी असते ते तुमच्या ध्यानात येईल.

आम्हाला भेटलेल्या सहांपैकी एकीने आम्हाला विचारायच्या आधीच एका पार्लरमध्ये निम्म्या भावात सुई घेतली होती. तिची डावी पापणी खाली आली. पापणी पडणं हा या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, तो काही आठवड्यांनी जातो. पण हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं लकवा मारला. महिनाभर ती कामावर गॉगल लावून गेली आणि घरी डोळे आलेत म्हणाली. पार्लरवालीने फोन उचलणं बंद केलं. ती पार्लरवालीही कोण, तर शेजारच्याच वस्तीतली, कर्ज काढून दोन-तीन दिवसांचा ‘कोर्स’ करून आलेली. प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. तिला तो कोर्स विकणारा मात्र या गोष्टीत कुठेच दिसत नाही.

बनावट मालाचं तर विचारूच नका. 2024 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेसारख्या देशात बनावट बोटॉक्सने अनेक राज्यांतल्या बायकांना रुग्णालयात पोचवलं आणि तिथल्या सरकारी यंत्रणेला जाहीर इशारा द्यावा लागला. जिथे औषध दुकानांवर आपल्यापेक्षा कितीतरी कडक नजर आहे तिथली ही गत.

म्हणून जायचंच असेल तर डॉक्टरकडे जा, तेही त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडे, आणि त्याचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळून जा. बाटली तुमच्यासमोर उघडायला लावा. तिच्यावरचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत यांचा मोबाइलवर फोटो घ्या. युनिट किती टोचले ते कागदावर लिहून मागा. पक्कं बिल घ्या, ते दिल्याशिवाय उठू नका. यात लाजण्यासारखं काही नाही. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितलं आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत मोबदल्याच्या तक्रारीला फी लागत नाही. औषधाच्या बाटलीबद्दल संशय असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करता येते. रेशनचा काळाबाजार पकडणाऱ्या आपल्या बाया एक बाटली तपासू शकत नाहीत असं आम्हाला वाटत नाही.

इथवर वाचून एखादा साथी म्हणेल, आंबेडकरी ब्लॉगवर क्लिनिकची माहितीपुस्तिका कशाला? आमचं म्हणणं सरळ आहे. ज्ञानबंदी मोडणं हा आपल्या चळवळीचा पहिला धडा आहे, आणि सुईच्या माहितीवरही बंदी चालणार नाही. पण आमचा लेख इथे संपत नाही. खरी भांडणाची जागा पुढे आहे.

या सहा जणांना तिथवर कुणी नेलं? चौघींच्या बोलण्यात एकच जागा आली: बौद्ध वधू-वर परिचय मेळावा. त्या शिक्षिकेचं ऐका. विशीची सगळी वर्षं अभ्यासिकेत ट्यूबलाइटखाली गेली. घरातली पहिली पदवी, पहिली नोकरी, धाकट्या भावाची फी. हे सगळं उरकून ती तेहतिसाव्या वर्षी मेळाव्याला उभी राहिली, तेव्हा मुलाची आई म्हणाली, “फोटोत बरी दिसते, समोर थकल्यासारखी वाटते.” मुलगा अडतीसचा, पोट सुटलेलं. त्याच्याकडे थकवा कुणी शोधला नाही. ती थकलेली दिसते कारण ती थकली आहे, आणि ज्या शिक्षणाच्या जोरावर आपण समाज पुढे गेला म्हणून भाषणं ठोकतो त्या शिक्षणाने ती थकली आहे. ‘शिका’ म्हणून आपणच तिला सांगितलं. शिकायला लागलेली वर्षं तिच्या कपाळावर दिसली की आपणच तिला नापास करतो.

आपल्या मेळाव्यांचे फॉर्म काढून बघा. कुंडली नाही, नक्षत्र नाही, गुणमेलन नाही, त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण ‘रंग’ हा रकाना आहे. ‘गोरी, सुंदर, सडपातळ’ ही भाषा आहे. पत्रिका फाडली आणि रंगाचा रकाना ठेवला, याला धर्मांतर कसं म्हणायचं? 2020 मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ विकणाऱ्या कंपनीलासुद्धा लाजेकाजेने नावातला ‘फेअर’ काढावा लागला. आपल्या मेळाव्याच्या आयोजकांना अजून लाज वाटलेली नाही. आणि गंमत बघा, आपल्या कवितांमध्ये, भिंतीवरच्या चित्रांमध्ये सुरकुतलेली माय किती पवित्र असते! तिच्या चेहऱ्यावरच्या रेघांवर आपले कवी टाळ्या घेतात. तीच रेघ जिवंत पोरीच्या कपाळावर दिसली की स्थळ परत जातं.

उरलेल्यांना नोकरीने तिथे नेलं. रिसेप्शनवरच्या पोरीला तिच्या वरिष्ठाने ‘प्रेझेंटेबल’ राहायला सांगितलं, विमा विकणाऱ्या पोराला ‘फ्रेश’ दिसायला. समाजशास्त्र शिकलेल्यांना हे नवं नाही. 1983 मध्ये आर्ली हॉक्सचाइल्ड या अमेरिकन अभ्यासकाने हवाई सुंदरींच्या हसण्यावर पुस्तक लिहिलं आणि दाखवलं की त्यांच्या पगारात हसण्याचीही किंमत धरलेली असते, म्हणजे भावनासुद्धा श्रम म्हणून विकत घेतल्या जातात. आता त्याच्या पुढची पायरी आली आहे. त्या श्रमाची खूणही चेहऱ्यावर दिसता कामा नये, आणि ती पुसण्याचा खर्च कामगाराने स्वतः करायचा. ‘प्रेझेंटेबल’ म्हणजे काय हे नोकरीच्या कुठल्याही नियमात लिहिलेलं नसतं. जे लिहिलेलं नसतं त्यातूनच जात काम करते, हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? एसीतल्या पिढ्यांचा चेहरा हा मापदंड ठरतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात सायकलने शाळेत गेलेला चेहरा त्या मापात बसत नाही. ऊन कातडी म्हातारी करतं, हे साधं वैद्यकीय सत्य आहे. आणि उन्हात कुणी उभं राहायचं हे आपल्या देशात फार पूर्वी ठरलेलं आहे.

आता महाडकडे परत जाऊ, कारण सुईच्या बाजूने बोलणारे हुशार लोकही महाडचाच दाखला देतील, आणि तो आम्हीच वर दिला आहे. तेव्हा नेसणं बदललं, आता चेहरा बदला, फरक काय? फरक आहे, आणि मोठा आहे. महाडला जातीने लादलेली खूण सगळ्यांनी मिळून, उघड, एकाच वेळी सोडली. त्यासाठी कुणी कुणाचं कर्ज काढलं नाही, आणि ती खूण सोडल्याने दर चार महिन्यांनी पुन्हा सोडावी लागली नाही. क्लिनिकमध्ये बाई एकटी जाते, लपून जाते, गॉगल लावून परत येते. ती जे पुसते ती तिच्या कामाची, उन्हाची, वयाची खूण असते. आणि ती खूण परत येते, म्हणजे तिलाही परत जावं लागतं. आमच्या शहरात आम्ही विचारलेल्या क्लिनिकांनी बोटॉक्सच्या युनिटला तीनशे ते चारशे रुपये सांगितले. वीस युनिटचे झाले सहा ते आठ हजार. वर्षातून तीनदा म्हणजे अठरा ते चोवीस हजार. हे फक्त भुवयांच्या मधल्या जागेचं, कपाळ आणि डोळ्यांच्या कडा वेगळ्या. रिसेप्शनवरच्या त्या पोरीचा पगार पंधरा हजार आहे. क्लिनिकने तिला हप्त्यांची सोय सांगितली.

हा हिशोब डोळ्यांसमोर ठेवून जी जाईल तिला जाऊ द्या. आम्ही तिच्याकडे बोट दाखवणार नाही आणि कुणाला दाखवू देणार नाही. जिला जायचं नाही पण रेघांची काळजी आहे तिने उन्हात डोकं-तोंड झाकावं, सनस्क्रीन लावावं, आणि सरकारी रुग्णालयाच्या त्वचाविभागात दाखवावं. मेडिकल दुकानातून स्वतःच्या मनाने मलमं आणून चोळू नयेत, त्यातली काही गरोदरपणात चालत नाहीत, काही स्टेरॉइडची असतात आणि कातडीची वाट लावतात. मेळाव्याच्या आयोजकांना मात्र आम्ही सोडणार नाही. पुढच्या मेळाव्याच्या फॉर्ममधून रंगाचा रकाना निघाला नाही तर आम्ही आणि आमच्या अभ्यासिकेतल्या मुली मंडपाच्या दारात उभ्या राहणार आहोत. हे आयोजकांना आम्ही लेखी कळवलं आहे.

आणि एक गोष्ट, जी या सगळ्या चर्चेत कुणीच बोलत नाही. हे औषध निव्वळ चैनीचं नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पायांचे, हातांचे स्नायू ताठ होतात. टाच टेकत नाही, मांड्या उघडत नाहीत, आईला लंगोट बदलणंही कठीण होतं. त्या ताठ स्नायूत हेच टॉक्सिन टोचलं की काही महिने ताठरपणा उतरतो, आणि त्या काळात व्यायाम, पट्टे, बूट यांचा उपयोग होऊन मूल उभं राहायला शिकू शकतं. मान वाकडी होण्याचा आजार, अर्धांगानंतर आखडलेला हात, जुनाट अर्धशिशी, यांतही ते वापरतात. आमच्या वस्तीत असं एक मूल आहे, सात वर्षांचं. त्याची आई घरकाम करते. डॉक्टरांनी तिला हे इंजेक्शन सांगितलं आणि बाहेरून आणायला सांगितलं. पायांच्या मोठ्या स्नायूंना कपाळापेक्षा कितीतरी जास्त युनिट लागतात. बाईने किंमत ऐकली आणि चिठ्ठी घडी करून देव्हाऱ्याजवळ, बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवून दिली. ती अजून तिथेच आहे.

ज्या शहरात कपाळाची आठी घालवायला ही बाटली हव्या त्या दिवशी मिळते, त्याच शहरात ती या मुलाच्या पायापर्यंत पोचत नाही. ‘बोटॉक्स की डिस्पोर्ट’ याच्या आधीचा प्रश्न हा आहे. सेरेब्रल पाल्सी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 दिव्यांगत्वांत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. कागद सगळे आहेत. बाटली किती आल्या हे कागदावर आहे का, ते आता आपण विचारू.

आम्ही माहिती अधिकाराचे अर्ज तयार केले आहेत. मेडिकलला एक, मेयोला एक, जिल्हा शल्यचिकित्सकांना एक. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून प्रश्न तीनच ठेवलेत. मागच्या तीन आर्थिक वर्षांत बोटुलिनम टॉक्सिनच्या किती बाटल्या खरेदी झाल्या? त्या कोणत्या विभागात, कोणत्या आजारासाठी वापरल्या? सेरेब्रल पाल्सीच्या किती मुलांना हे इंजेक्शन मोफत मिळालं आणि किती जणांना बाहेरून आणायला सांगितलं? अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तराची मुदत तीस दिवस. अमरावती, अकोला, नांदेड, औरंगाबाद, जिथे जिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे तिथल्या साथींनी हेच तीन प्रश्न आपापल्या जिल्ह्यात टाकावेत, उत्तर आलं की आम्हाला पाठवावं, आणि तीस दिवसांत आलं नाही तर लगेच पहिलं अपील करावं.

अर्जाचा मसुदा पतसंस्थेतल्या त्या ताईने लिहिला आहे. गेल्या महिन्यात तिने बोटॉक्स घेतलं, डॉक्टरकडून, बाटलीचा फोटो काढून, पक्कं बिल घेऊन.

जय भीम.